सव्वा महिना

तळाशीलला घर बांधताना
तोंड कुठे करायचं, हे दोनदा विचारावं लागतं.
एका हाताला समुद्र, एका हाताला खाडी,
मधे हाकेच्या अंतराएवढी वाळू.
बाळंतिणीची खोली मागे, खाडीकडे.
खिडकी बंद, वारा लागेल.
कानाला फडकं, वारा लागेल.
खाटेखाली निखारे, ओव्याची धुरी,
आणि एप्रिलच्या उकाड्यात मी,
सुकत घातलेल्या बांगड्यासारखी
या कुशीवरून त्या कुशीवर.

बर्फाच्या कारखान्यात सहा वर्षं हिशेब लिहिला मी.
कुठल्या होडीला किती लाद्या, किती वितळल्या, किती उधार.
भांडायला आलेले तांडेल
बिलावरची माझी सही बघून गप्प बसायचे.
आता वहीत लिहिते:
डावी बाजू, बारा मिनिटं. उजवी, सात.
शी, पिवळी.
रात्री दोन दहा. तीन पाच. तीन चाळीस.
बेरीज कशाची करायची, कळत नाही.

माणसं येतात, झबली घेऊन, डिंकाचे लाडू घेऊन.
नाक आजीचं म्हणतात. रंग उजळेल म्हणतात.
माझ्याकडे वळलंच कुणी, तर पदराकडे बघून:
"दूध पुरतं ना?"
नवरा ट्रॉलरवरून, रेंज मिळाली की:
"झोपली?"
क्षणभर मला वाटतं, माझंच विचारतोय.
मग मी मोबाइल पाळण्याकडे फिरवते.

पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद ठेवला होता, पेन ठेवलं होतं.
सटवी येऊन नशीब लिहिते.
सगळे झोपले. मी जागी होते.
कुणी आलं नाही.

एकविसाव्या दिवशी ती रडत होती
आणि ते मला लांबचं वाटलं,
दुसऱ्या वाडीतल्या लग्नाच्या स्पीकरसारखं.
पान्ह्याबरोबर माया येते म्हणतात.
पान्हा आला.
मायेची मी वाट बघत होते,
उशीर झालेल्या होडीची बघतात तशी,
कुणाशी न बोलता, दिवा दिसतो का बघत.
आणि एकदा वाटलं,
मागचं दार नुसतं लोटलेलं आहे.
बस. एवढंच वाटलं.

गुणाकाकी सकाळी तेल लावायला येते.
तिचा अंगठा माझ्या पाठीवर मधेच थांबला.
"रडतंस?"
"नाही. घाम."
तिने तांब्याभर कढत पाणी खांद्यावरून सोडलं,
आणि न्हाणीच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाली:
"पयल्या चेडवाच्या वेळाक
मी तेका सुपात निजवून खाडीर जावन बसलंय.
पाणी ढोपराक लागला, तेव्हा उठलंय.
कोणाक सांगूक नाय. बेचाळीस वर्सा झाली."
"गोव्यात नर्स आहे, ती?"
"तीच. दर आयतवारी फोन करता.
आवशी, जेवलंस काय, म्हणान इचारता."

मग माझं पोट बांधलं तिने, रोजच्यापेक्षा सैल.
खिडकी चार बोटं उघडली.
आई दारातून ओरडली, वारा लागेल.
"लागांदे," काकी म्हणाली.
आणि माझ्या कानाशी, हळू:
"आचऱ्याक डॉक्टरीण आसा. माझ्यावांगडा चल.
ह्या असा होता बायांका. तिका सगळा सांग. दारा-बिराचा पण."
दाराचं मी तिला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री वहीत एक नवा रकाना आखला.
वर नाव लिहिलं: निलाक्षी.
बाळाची आई नाही. निलाक्षी.
खाली:
भूक, साडेतीन वाजता. गार पेज, दोन वाट्या, मीठ जास्त.
झोप, चाळीस मिनिटं.
रडणं, एकदा. कारण माहीत नाही.
तिने माझं बोट धरलं. सोडवून घेतलं नाही.
माया:
इथे पेन थांबलं. जागा मोकळी ठेवली.
बुधवार, दहा वाजता, आचरा.