निर्वात

सिंदेवाहीच्या कॉलेजात, मागच्या खोलीत,
पंप दुपारपासून हवा काढतो आहे.
अजून काढतोच आहे.
कवडू लांजेवार स्टुलावर बसून
त्याचा आवाज ऐकतो, बैलाचं रवंथ ऐकावं तसा.
"आता लागला जी," म्हणतो. काट्याकडे बघत नाही.

आत, नखाएवढ्या चकतीवर
तांब्याच्या तारा उभ्या आहेत.
केसाचे हजार उभे भाग करा,
त्यातल्या एकाएवढी एक.
कॉस्टिकमध्ये साचा विरघळला
तेव्हा त्या पहिल्यांदा आपापल्या पायावर राहिल्या.

मागची चकती वाया गेली होती.
तारा फार दाट, कुणाच्याच टोकापर्यंत
विजेचा ताण पोचेना.
कवडूला सांगितलं तर हसला.
"पऱ्हे दाट रोवले तर असंच होते, म्याडम.
एकमेकाले सावली करते."

या वेळी विरळ.
तापवायचं काहीच नाही, तार थंडच राहणार.
मी फक्त व्होल्ट वाढवत जाते.
चारशे. सहाशे. मीटर झोपलेला.
आठशे वीस:
पडद्यावर एक हिरवा ठिपका,
विझला, दुसरीकडे उमटला,
मग तीन, मग मोजता न येणारे, थरथरत.

"तांब्यातून सुटले?"
सुटले.
"भिंत होती म्हणालात."
आहे की अजून.
"पाडली नाही, चढले नाही, मंग आले कुठून?"
टोकाशी ताण इतका, कवडू,
की भिंतीची उंची तीच राहते, जाडी राहत नाही.
"म्हणजे मोहाच्या वासासारखं.
दार लावलं तरी येते घरात."

मी नाही म्हणणार होते.
वासाला फट लागते, याला फटही नको.
पण एप्रिल होता,
आणि खिडकी लावलेली असून
तो वास खरंच येत होता.

अकरा चाळीसला वीज गेली.
ठिपके गेले, पंखा गेला,
पंप एकदा खोकून थांबला.
बाहेरची सगळी हवा नळीच्या तोंडाशी येऊन उभी.
मी टॉर्च चाचपते आहे तोवर
अंधारात काहीतरी कुरकुरलं, तीन वेढे.
"व्हाल बंद केला जी.
आतली पोकळी आहे तशीच आहे."

टॉर्चच्या उजेडात वहीत लिहिलं:
आठशे वीस, पहिला ठिपका.
त्याखाली वेळ. त्याखाली लांजेवार.
तो हाताचं तेल पायजम्याला पुसत म्हणाला,
"वीज आली का पुन्हा चारशेपासून?"
हो, म्हटलं. पुन्हा चारशेपासून.