हिरवी किनार

बसस्टँडला लागून माझं दुकान.
एक यंत्र झेरॉक्सचं, एक छपाईचं,
खिडकीत झोपलेलं मांजर.
वरच्या खणात लग्नपत्रिकांचे नमुने, धूळ खात.
खालचा खण दिवसातून चारदा उघडतो.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा कागद लागतो:
फोटो, नाव, दोन तारखा, चार ओळी.
फाटकावर, थांब्यावर, पावाच्या दुकानाच्या दारावर,
लिंडनच्या बुंध्यावर चार चुका ठोकून.
चाळीस दिवसांनी पुन्हा. सहा महिन्यांनी. वर्षानं.
आमच्या गावात मेलेले जास्त भेटतात जिवंतांपेक्षा,
आणि नेहमी इस्त्रीच्या शर्टात.

ख्रिस्ती असेल तर काळी किनार, वर क्रूस.
कुणी कोवळं गेलं तर निळी.
मुसलमान असेल तर हिरवी, वर चंद्रकोर.
पूर्वी लाल ताराही मागायचे;
तो अजून आहे कुठेतरी संगणकात,
पुसायचं राहून गेलंय.

मंगळवारी फिक्रिये आली. ओल्या शालीचा वास.
पिशवीतून फोटो काढला, मग मधाची बाटली:
"त्याच्या पेट्यांतला शेवटचा."
मी विचारलं, नाव?
"रुस्तेम." मग थांबून,
मी बहिरी असल्यासारखं सुटं सुटं करून:
"रुस्. तेम. तेवढंच."

मला सांगायची गरज नव्हती.

पंच्याऐंशीचा जानेवारी.
नगरपालिकेत टायपिस्ट होते मी, वय एकवीस,
बोटं झपाझप चालायची, तेवढ्यावर पगार होता.
बाहेर गुडघाभर बर्फ,
चौकात शिपायांच्या गाड्या, इंजिनं चालू ठेवलेली,
आत रांग. टेबलावर नावांची छापील यादी,
तिच्यातलं एक निवडायचं, म्हणे आपल्या मर्जीनं.
कुणी निदान पहिलं अक्षर तरी वाचवायचं,
जळत्या घरातून हाताला लागेल ते भांडं
बाहेर काढावं तसं.

उंच, मिशाळ, हातांना मेणाचा वास असलेला एक जण म्हणाला,
"र-वरून काहीही."
मी टाइप केलं: रुमेन.
म-ची कळ अडकायची, दोनदा दाबावी लागली.
"आणि वडिलांचं? ते वारलेत."
त्यांचंही बदलेल, मी म्हटलं, वर न बघता.
"असं," तो म्हणाला. "मग त्यांना कळवायला कोण जाणार?"

पुढं नावं परत मिळाली. अर्ज करून, शिक्का घेऊन.
त्याआधीच्या उन्हाळ्यात ती दोघं सीमेपार गेलेली,
गाडीच्या टपावर शिवणयंत्र बांधून.
तो तीन वर्षांत परतला, मधमाश्यांसाठी म्हणे.
ती बुर्सात बहिणीकडे राहिली, अकरा वर्षं.
का, ते मी कधी विचारलं नाही. मी कोण विचारणारी?

कागद छापला. शाई वाळेपर्यंत दोघी उभ्या.
नाव मी नेहमीपेक्षा मोठ्या टायपात घेतलं होतं.
तिनं त्यावरून बोट फिरवलं, घाई केली,
र थोडा फरकटला.
दुसरा काढून देते म्हटलं तर नको म्हणाली.
पैसे नकोत म्हटलं
तर मोजून ठेवले, सुट्ट्या नाण्यांत.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं:
"मी आठवते का तुम्हाला? तेव्हाची?"

तिनं मान डावीकडे, उजवीकडे हलवली.
सावकाश. दोनदा.

आमच्या मुलखात याचा अर्थ हो.
पण बुर्सात?
अकरा वर्षांत माणसाच्या मानेचं वळण बदलतं का?
दाराची घंटी वाजली. मांजरानं एक डोळा उघडला.

बावन्नाव्या दिवशी येईल ती, नव्या कागदासाठी.
तोवर बाटली काउंटरवरच आहे, झाकण न उघडलेली.
दुपारी ऊन आलं की तिच्यातून
समोरचा रस्ता पिवळा दिसतो,
रस्त्यापलीकडे झाड,
झाडावर चार चुका,
आणि इस्त्रीच्या शर्टातला रुस्तेम
सरळ माझ्या दुकानाकडे बघतोय.