फ्लेक्सवरचे खांदे

चरणदास गेला तेव्हा मालकाने नवा फ्लेक्स छापला नाही.
त्याच्या तोंडावर बँजोचं चित्र चिकटवलं,
खाली झालरीचे खांदे मात्र चरणदासचेच राहिले
तीन हंगाम.
त्या खांद्यांसकट आम्ही तुमसर केलं, गोंदिया केलं,
बालाघाटपर्यंत वराती नेल्या.
नाचता नाचता लोक विचारत,
‘तो बँजोवाला नाही का गा आज?’
मी पॅडवरचा हात न काढता म्हणायचो, ताप आहे.
तीन वर्षं तापच होता त्याला.

भांडण असं झालंच नव्हतं.
साकोलीच्या टपरीवर चहा फुंकत म्हणाला,
‘आपला आवाज एवढा मोठा झाला ना गा,
का मले माही चूकही आयकू येत नाही.’
आणि ड्रेस घडी करून ट्रकच्या सीटवर ठेवला,
बटणं मोजून.

मग कानावर यायचं, तुकड्यातुकड्यानं.
पालांदूरच्या बाजूला कुण्या म्हाताऱ्या शाहिराकडे
चोनका शिकतो म्हणे.
एक तार, एक काख.
पहिल्या वर्षी म्हाताऱ्याने बकऱ्या चारायला लावल्या,
दुसऱ्या वर्षी म्हणाला, आता त्यांना सुरात बोलाव.
आकाशवाणीने एकदा बोलावलं; आठ मिनिटं वाजला,
पुढे लगेच धानावरच्या तुडतुड्याची माहिती.
मंडईत पोरं ओरडली, ‘धुमालवालं होऊ दे!’
त्याने दुसरंच लावलं,
पोरं आलूबोंड्याकडे गेली.
बिदागी दोन पायल्या तांदूळ, एक दुपट्टा.
घरी फुलवंता विड्या वळायची, त्याच्या रियाजावर,
आणि बंडलात एक-दोन विड्या कमी भरायच्या.

परवा लाखांदूरहून परतताना ट्रकचा पट्टा तुटला.
रात्रीचे दोन. जनरेटर बंद.
बारा भोंगे आभाळाकडे तोंड वासून.
तेव्हा बांध्यांच्या पलीकडून
कुठलीशी दंडार ऐकू आली,
चाळीस-एक माणसांची असेल,
आणि तिच्यात ती काखेतली तार.

आमचंच होतं ते.
दहा वर्षं ज्यावर नवरदेवाचे घोडे नाचवले, तेच.
पण इतकं हळू
की दोन ठोक्यांच्या मधे
चिखलातून पाय उपसल्याचा आवाज यावा.
रोवण्याचं गाणं होतं तर.
त्याच्या मायचं असेल, नाहीतर कुणाच्याही मायचं,
आमच्याकडे ते फक्त घाईत आलं होतं.

मालक केबिनमधून म्हणाला, ‘चोर साला.’
मग बराच वेळ काही बोलला नाही.

जनरेटरवाला पोरगा नवीन आहे.
‘कोन हाये गा तो? मस्त वाजवते.’
मी म्हटलं, होता आपल्यात.
‘मंग सोडलं काहून?’
टॉर्च धर नीट, मी म्हटलं,
आणि बोल्टावर पाना फिरवत राहिलो,
त्या लयीत हात जाऊ नये म्हणून
जरा जास्तच जोराने.