प्रश्न क्रमांक चौदा

टॅबलेटवर चौदावा प्रश्न असा:
'ही खारफुटी टिकावी म्हणून आपले कुटुंब
दरवर्षी जास्तीत जास्त किती रुपये देईल?'
खाली एक चौकट.
चौकटीत फक्त आकडे चालतात.

कालावलच्या खाडीला ओहोटी लागलेली.
सगुणा मालंडकर, वय अंदाजे साठ,
मांडीभर पाण्यात, पायाच्या बोटांनी तळ चाचपत.
मी बांधावरून ओरडून वाचला प्रश्न,
निम्मा वाऱ्याने नेला.
'पैशे मी देवचे? कोणाक?'

कोणाला, ते फॉर्मवर नव्हतं.
समजा, म्हटलं मी. नुसतं समजा.
'समजान काय करू? माका हंयसर तिसरो गावलो.'
आणि तो रोवळीत टाकला. ठक्.

ओरोसला तीन दिवस शिकवलं होतं आम्हाला:
लाट अडते ती नियमन सेवा,
रोवळीत पडतं ती पुरवठा सेवा,
तिवराच्या मुळांत चिंगळं वाढतात
तिलाही एक नाव होतं, मी विसरले.
सेवा म्हटल्यावर त्यांची सून फिसकन हसली:
'म्हणजे ही तिवरां आमची चाकरी करतत?'

सगुणाबाई हसल्या नाहीत.
'त्या वादळात घोवान होडी तिवरीक बांधलेली.
सकाळी बघतंय तर कौलां नाय, माड आडवो,
होडी थंयसरच.
तेचा बिल कोणी धाडूक नाय.'

तेवढ्यात भाचा आला, दिगंबर,
पुलाच्या सर्व्हेवाल्यांसोबत दोन महिने
खुंट्या मारत हिंडलेला.
'आत्ये, आकडो घाल गे.
तेंच्या नकाशात ही जागा पांढरी आसा.
रिकामी चौकट म्हणजे फुकट.'
'आणि घातलंय तर?'
'तर किंमत ठरली.'
'म्हणजे विकाऊक ठेवली.'

दोघंही बरोबर होती.
ही शक्यता ट्रेनिंगच्या पुस्तिकेत नव्हती.
दिल्लीच्या मसुद्यात एक ओळ कोरी आहे म्हणे,
तिथे आमच्या साडेचारशे घरांची सरासरी जाणार.
सरासरीत असली उत्तरं धरत नाहीत.
त्यांना 'निषेध-शून्य' म्हणतात
आणि तांदळातल्या खड्यासारखी वेचून टाकतात.
मी तो कोड दाबला नाही.
दुसरंही काही दाबलं नाही.

तिसरे मागितले.
'शंभराक वाटो.'
ऐंशी?
'शंभर म्हणजे शंभर. पाण्यात मी उबी रवलंय, तू नाय.'
शंभर दिले.
वर त्यांनी मूठभर जास्तीचे घातले
आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

भरती बांधाच्या दगडाला लागली होती.
मी चपला हातात घेऊन निघाले, तेव्हा मागून:
'गो बाय, पुढच्या वर्षाचा तू इचारलंस.
मागची बाकी किती, ता खंय लिवलेला आसा?'

रात्री मालवणच्या खोलीत
तिसरे पातेल्यात पाण्यात सोडले.
अंधारात एकेक उघडायचा,
जरा रेती थुंकायचा, मिटायचा.
नखांत चिखल तसाच.
टॅबलेट विचारत राहिला: चौदा अपूर्ण. पुढे जायचे?

शेवटच्या पानावर 'इतर निरीक्षणे' म्हणून जागा असते,
दोनशे अक्षरांची. कोणी वाचत नाही.
होडीबद्दल लिहिलं, खोडलं.
पांढऱ्या नकाशाबद्दल लिहिलं, ते लांबलं.
मग एवढंच ठेवलं:
उत्तरदात्या आधी मागची बाकी विचारतात.
ती आपण काढलेली नाही.

कितीतरी अक्षरं उरली.
पातेल्याच्या तळाशी
बोटभर खाडी साचली होती.