भांगाचं पाणी

फॉर्मवर दोनच चौकोन होते:
पोहता येतं. पोहता येत नाही.
मी मधल्या रेघेवर खूण केली.
सेल्विनानं ती पाहिली, बोलली काही नाही,
फक्त माझ्या जॅकेटचा पट्टा आणखी एक घर आवळला.

एकोणतीस वर्षं मी महापालिकेच्या जलखात्यात.
मीटर, गळती, थकबाकी.
अख्ख्या वॉर्डाचं पाणी माझ्या बोटांखालून गेलं,
सगळं कोरडं.
रजा उरली होती, भाचीनं कूपन दिलं होतं,
आणि मार्वेची जेट्टी घरापासून रिक्षानं वीस मिनिटं.
इतक्या जवळ सुट्टीला निघताना
शेजारणीला काय सांगायचं कळेना.
बँकेत, म्हणाले.

होडीत घाटकोपरचं नवं जोडपं,
काठीला कॅमेरा लावलेलं.
एक गृहस्थ, गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत
ज्यांचा फोन वाजतच राहिला,
त्यांचा मुलगा, दोर सोडायच्या आधीच पिवळा पडलेला.
इंजिनावर सेल्विनाचा मामा, पास्कू,
ओठांत विडी, न पेटवलेली.

"मासे बघाचे तर मालवनला जावा," सेल्विना म्हणाली,
"हितं पानी गढूळ. पन आज अष्टमी, भांग हाय.
भांगाला पानी आळशी असतं, गाळ खाली बसतो.
आज हातभर दिसंल."

हातभर.
अठराशे रुपयांत.

मनोरीच्या टोकाशी, खडकांजवळ,
तिनं नळी माझ्या दातांत दिली.
काचेवर आधी थुंकायचं असतं म्हणे.
चारचौघांत मी पहिल्यांदाच थुंकले.
मग तोंड पाण्यात.

आधी नुसता आवाज:
कुणीतरी अगदी शेजारी घोरतंय.
नवरा नेहमी म्हणायचा. मी कधी मानलं नाही.

मग हिरवं. कोथिंबीर धुतलेल्या पाण्यासारखं.
हात पुढे केला: कोपर दिसलं, मनगट दिसलं,
बोटं नव्हती.
जिथं ती नव्हती तिथून
दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांनी ती धरली
आणि मला ओढत नेलं
खडकाच्या पार नाकाशी.

तिथं नखाएवढी तोंडं,
शेकडो, एकमेकांना चिकटून,
हिरवट, मधे गुलाबी ठिपका,
माझी सावली पडली की मिटणारी.
शेजारी गुटख्याची पुडी, तिच्यावर एक शंखातली गोगलगाय,
तारीख वाचत असल्यासारखी सावकाश.

वर येऊन विचारलं, नाव काय त्यांचं?
"नाव नाय माहीत," सेल्विना म्हणाली.
"आमी हात लावत नाय. खाज येते."

परतताना खाडीत फळ्या सोडल्या.
"आदी गुडघे. मंग एक पाय.
खाली बघू नका, पागोड्याकडं बघा."
मी पलीकडच्या सोनेरी घुमटाकडे बघत उभी राहिले,
पाय शिलाई मशीनसारखे.
मामानं मोजलं: अकरा.
सेकंद असावेत. पडले.
"गिळू नका! थुंका!"
आता सवय झाली होती.

तो पिवळा मुलगा मात्र पहिल्याच झटक्यात उभा राहिला
आणि लांब, तिवरांपर्यंत निघून गेला.
बाप पिशवीतून ओरडत होता,
फोनवर की त्याच्यावर, कळत नव्हतं.
मुलगा वळला नाही.
त्याच्या बाजूला चिखलात निवट्या उड्या मारत होत्या,
डोळे डोक्यावर, छाती टेकून,
पोहणं नाही, चालणं नाही.
त्यांच्याकडून कुणी फॉर्म भरून घेतला नव्हता.

परत किनाऱ्यावर मामानं विडी पेटवली.
सेल्विनानं मला गोड्या पाण्याची बाटली दिली,
पाय धुवायला. अर्धीच वापरा, म्हणाली,
आमच्याकडं दिवसाआड येतं.
मी काही बोलले नाही,
कोणत्या खात्यात आहे तेही नाही.

गुरुवारी, ऑफिसात,
एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन:
पाणी येतच नाही हो.
मी मान कलती करून रिसिव्हर खांद्यात धरला
आणि कानातून एकदम
कोमट, खारट धार
मानेवरून उतरून थकबाकीच्या वहीवर पडली.
येतंय, म्हणाले मी.
थोडं थांबा. येतंय.