लोखंडाचं खिमट

झेनेबेचनं माझ्या मुलीची खालची पापणी
अंगठ्यानं हलकेच ओढली, म्हणाली,
"ओर्काइदो, हिच्या रक्तात लोखंड नाही."

मी हसलोच.
कोन्सोच्या या उतारावर आम्ही पिढीजात लोहार.
अर्ध्या डोंगराच्या कुदळी आमच्या हातच्या.
माझ्या नखांत, घामात, थुंकीतसुद्धा गंज.
आणि माझ्याच घरात लोखंडाचा दुष्काळ?

पापणी आतून पांढरट होती,
धुऊन वाळत घातलेल्या पिशवीसारखी.
नऊ महिन्यांची अयांतू. रडायचाही तिला कंटाळा.

ज्वारीत असतं लोखंड, ती म्हणाली, पण कुलूपबंद.
आईचं दूध हवंच, पण आता त्यातलं पुरत नाही.
हे पीठ ने. मका, सोयाबीन,
आणि वरून मिसळलेलं लोह, जस्त, अ जीवनसत्त्व,
पुढची नावं मला राहिली नाहीत.
जस्त तेवढं ओळखीचं निघालं. बादलीच्या पत्र्यावरचं.

रात्री पीठ चिमटीत धरलं, चाखलं.
गोडसर. लोखंड असतं तर मला कळलं नसतं?
मोडक्या रेडिओतलं चुंबक काढलं,
पातळ कालवलेल्या पिठातून फिरवत बसलो.
अस्नाकेच म्हणाली, झोपा आता.
दिव्याशी धरलं तेव्हा
चुंबकाच्या कडेला काळी लव,
बाळाच्या कानामागं असते ना, तेवढीच.
एवढ्यातून सुईसुद्धा घडणार नाही.

लोखंडाचे चणे चावल्याशिवाय जगता येत नाही म्हणतात.
अयांतूला दोन दात.
तिच्यापुरते ते कोणीतरी दळून ठेवले होते
मी न पाहिलेल्या कुठल्याशा गिरणीत.

सकाळी खिमट. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट,
मागून संत्र्याचा रस. कॉफीच्या पानांचा काढा
तिला मुळीच नाही, ही झेनेबेचची ताकीद.
पहिला घास तिनं माझ्या दाढीवर उडवला.
दुसरा थुंकला. तिसरा कुठे गेला कळलं नाही.
पातेलं गेलेबोनं चाटलं. मी त्याच्यावर ओरडलो,
मग त्याचीही पापणी ओढून पाहिली.

पिशवी संपली. दुसरी उशिरा आली, रस्ता खचला होता.
पापणी अजून गुलाबी म्हणावी अशी नाही.
पण काल मी घण उचलला
तर मागून कोणीतरी किंचाळलं.
अयांतू.
दोन्ही हातांनी सांडशी ओढत होती,
आणि ती जागची हलत नाही म्हणून
लालबुंद संतापली होती.