एक अक्षरही नको

लिएपायात, ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे
इमांतचं दुकान आहे. पाटी नाही.
ज्यांचं गेलंय, त्यांना बरोबर सापडतं.

स्कायद्रीते आली तेव्हा चारलाच अंधार पडला होता.
हातमोज्यात गुंडाळलेली डिस्क
तिने टेबलावर ठेवली, झोपलेलं पोर ठेवावं तशी.
‘पडली?’
‘मांजराने पाडली.’
‘नंतर किती वेळा चालू करून बघितलीत?’
‘नऊ.’ मग मोज्याकडे बघत, ‘अकरा.’

इमांत ओरडत नाही. पूर्वी ओरडायचा.
पडण्याने थोडंच जातं, बाई.
जातं ते पुन्हा पुन्हा बघण्याने.
तुम्ही कान लावता, आत टक, टक, टक,
वाटतं, आहे अजून काहीतरी.
असतंच.
तेच खरवडलं जात असतं.

मागच्या फळीवर बीटचं सूप प्यायलेला लॅपटॉप,
विजेने काळा पडलेला बोर्ड,
तांदळात पुरलेला फोन, भोकात अजून एक दाणा.
एका दवाखान्याचं सगळं कुलूपबंद करून
चोरांनी पैसे मागितले; तिथे इमांतनेही हात टेकले.
बाकी बहुतेकदा नुसतं बोट.
एक बोट, आणि घाई.

‘पुसलेलं तरी परत येतं ना?’
पुसलेलं लगेच जात नाही.
दारावरचं नाव तेवढं निघतं,
माणूस आत बसलेला असतो दिवा लावून,
नवं बिऱ्हाड येईपर्यंत.
म्हणून सगळ्यांना सांगतो, काही लिहू नका वर.
एक अक्षरही नको.

तिचं काय होतं? पक्षी.
तेवीस वर्षं जाळ्यात धरलेले, पायात कडी घालून
वजन करून सोडलेले.
वह्या होत्या. टाइप झाल्यावर चुलीत गेल्या,
घर लहान आहे.

त्याच बनावटीची, त्याच महिन्यातली डिस्क
त्याने कौनासहून मागवली, तिचं हेड हिला बसवलं,
आणि तीन रात्री श्वासही जपून घेतला.

दहातले सहा आले. वर्षं विस्कटलेली,
फायलींची नावं गेलेली, नुसते आकडे.
तिने मधलीच एक ओळ मोठ्याने वाचली:
साडेपाच ग्रॅम. वारा नैर्ऋत्य. सोडला.
खालची ओळ: सोडला.
तिच्याखाली काही नाही, राखाडी चौकोन.
‘हासुद्धा सोडलाच असणार,’ ती म्हणाली.

जाताना दोन प्रती घेतल्या,
एकेका हातमोज्यात एकेक,
आणि उणे नऊमध्ये
उघड्या हातांनी ट्रामची वाट बघत उभी राहिली.